सतीश गुजराल ‘भावामुळे’ मोठे झाले? आधी सालं बघा

चित्रकार, शिल्पकार आणि इमारतींचे आराखडे करणारे सतीश गुजराल यांच्याबद्दल सध्या एक मजकूर फिरतोय: ‘सतीश गुजराल जन्मतः बहिरे. भाऊ इंदरकुमार पंतप्रधान, म्हणून भित्तिचित्रांची कामं, दिल्लीतल्या बेल्जियमच्या दूतावासाच्या इमारतीचं काम आणि पद्मविभूषण मिळालं. वास्तुकलेची पदवीसुद्धा नव्हती.’ वाचून फार वाईट वाटलं. एका माणसाची साठ-सत्तर वर्षांची मेहनत चार ओळींत पुसून टाकलीय.

जन्मतः बहिरे ते नव्हते. जन्म 1925 चा, झेलमचा. आठव्या वर्षी काश्मीरमध्ये पुलावरून घसरले, पाय जायबंदी झाले आणि त्या दुखण्यात ऐकू येणं गेलं. तशाच अवस्थेत ते लाहोरच्या मेयो स्कूल या कलाशाळेत शिकले आणि 1944 साली मुंबईत आपल्या जे.जे. कलाशाळेत आले.

आता भाऊ. इंदरकुमार पंतप्रधान झाले एप्रिल 1997 मध्ये. सतीश मेक्सिकोची शिष्यवृत्ती घेऊन गेले 1952 साली, भाऊ राज्यसभेतही नव्हता तेव्हा. निवड करणाऱ्यांत कवी ऑक्टाव्हिओ पाझ होते. तिथे रिव्हेरा आणि सिकेरोस या मेक्सिकन भित्तिचित्रकारांच्या सहवासात त्यांनी भित्तिचित्राचं काम जवळून पाहिलं. 1967 नंतर इंदरकुमार मंत्री होते, हे खरंच आहे. ओळखीचा कधीच उपयोग झाला नसेल, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण दूतावासाचं काय? काम देणारं सरकार बेल्जियमचं, इमारत पूर्ण झाली 1983 साली आणि 1980 ते 1989 इंदरकुमार सत्तेत नव्हतेच. पद्मविभूषण 1999 चं, वाजपेयी सरकारच्या काळातलं.

पदवी नव्हती, हे मात्र बरोबर. म्हणून काय झालं? दूतावासाच्या भिंती बघा: गिलावा नाही, लाल वीट उघडीच, वर घुमट आणि कमानी. अख्खी इमारत मातीतून हाताने घडवल्यासारखी दिसते, कारण ती शिल्पकाराने उभी केलीय. याच माणसाने लाकूड जाळून शिल्पं केली. कोळशासारख्या काळ्या पडलेल्या लाकडात कवड्या आणि मणी बसवले. जळकं लाकूड आपण चुलीपाशी टाकतो. त्यांनी ते देवळातल्या मूर्तीसारखं सजवलं. हे कुठल्या मंत्र्याच्या चिठ्ठीने जमतं?

आणि गोव्यात ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे ना, त्याचा आराखडाही त्यांचाच. पणजीला जाल तेव्हा वाट वाकडी करून बघून या.