नोकऱ्यांची बेरीज आणि ग्रीनव्हिल

भारत आणि ब्रिटन यांच्या मुक्त व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या, तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रांत एकच वाद वाचतो आहे: निर्यात वाढून लाखो रोजगार येतील, की स्थानिक उद्योग बुडतील? मिशिगनमध्ये राहून मला दोन्ही हिशेब अपुरे वाटतात, कारण बेरीज देशभराची होते आणि नोकऱ्या मात्र एखाद्या गावातून जातात.

इथल्या ग्रीनव्हिलची वस्ती जेमतेम आठ हजारांची. तिथे इलेक्ट्रोलक्सच्या फ्रिजच्या कारखान्यात सुमारे २,७०० माणसे होती. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यातला नाफ्टा करार १ जानेवारी १९९४ पासून अमलात आला, आणि मेक्सिकोतल्या कमी मजुरीत बनलेला माल जकातीशिवाय इकडे आणणे परवडू लागले. कारखाना टिकावा म्हणून राज्याने करसवलती देऊ केल्या, युनियननेही पडते घेतले. तरी २००६ मध्ये तो बंद झाला आणि काम मेक्सिकोतल्या हुआरेझला गेले. पुढे सौर पॅनेलचा कारखाना आला, त्याचे कौतुकही पुष्कळ झाले, पण २०१२ मध्ये त्या कंपनीचे दिवाळे निघाले.

आयातीमुळे काम गमावलेल्यांना प्रशिक्षण आणि वाढीव बेकारी भत्ता देणारी योजना अमेरिकेत १९६२ पासून होती. पन्नाशीतल्या कामगाराला नवे काम शिकून दुसऱ्या शहरी जा म्हणणे सोपे असते. पण मोठा कारखाना गेलेल्या गावात त्याचे घर घेणार कोण? तीही योजना मुदतवाढीअभावी १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांना बंद झाली.

सगळे खापर करारांवर फोडणे मात्र योग्य नाही. चीनशी अमेरिकेचा मुक्त व्यापार करार कधीच नव्हता, तरी तिथल्या आयातीने इथले कितीतरी कारखाने बसले. शिवाय पुण्याहून आलेले आमच्यासारखे अनेक अभियंते अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा या तीन देशांत पसरलेल्या मोटारउद्योगावर जगतात, तेव्हा नाफ्टाला शिव्या देणे आम्हाला फारसे शोभत नाही.

म्हणूनच ब्रिटनच्या कराराला माझा विरोध नाही. बांगलादेशचा माल तिथे आधीपासून जकातीविना जातो. आता सोलापूरच्या टॉवेललाही तीच मुभा मिळेल. ब्रिटिश मोटारींवरची शंभर टक्क्यांहून अधिक असलेली जकात दहा टक्क्यांवर येणार असली, तरी ती ठरावीक कोट्यापुरतीच. पण पुढच्या करारांत धक्का बसेल तो बहुधा असंघटितांना. २०१९ मध्ये आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून भारताने माघार घेतली, तेव्हा दूध उत्पादकांचा आवाज दिल्लीपर्यंत पोचला होता. पण भोसरीच्या लघुउद्योगातला कंत्राटी कामगार पुष्कळदा हजेरीपटावरही नसतो, मग त्याचे काम आयातीमुळे गेले हे सिद्ध कोण करणार? पुढच्या करारांवर सह्या होण्यापूर्वी सरकारने कोणत्या जिल्ह्यातले कोणते धंदे अडचणीत येतील याची यादी जाहीर करावी आणि त्या कामगारांसाठी अर्थसंकल्पात वेगळी तरतूद दाखवावी, एवढी मागणी निदान महाराष्ट्रातल्या खासदारांनी लावून धरायला हवी.