‘देवाची योजना असते’ असं लगेच म्हणू नका

२०२१ च्या मे महिन्यात माझा धाकटा भाऊ कोविडने गेला. चौतीस वर्षांचा होता. कब्रस्तानात मोजकीच माणसं, चर्चचे पाळकसाहेब पीपीई किटमध्ये. आई घरीच, कारण ती स्वतः पॉझिटिव्ह. तिला त्याचं शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

मग फोन सुरू झाले. ‘देवाची योजना असते गं.’ ‘रडू नका, आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे.’ सगळी आमच्याच मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, जीव लावणारी माणसं. पण असा प्रत्येक फोन ठेवला की आई आणखी गप्प व्हायची. आपल्याला रडू येतं म्हणजे आपला विश्वास कमी पडतोय, असं तिच्या मनाने घेतलं. याचा मला आजही राग येतो.

कारण हे आपल्या शास्त्रात नाही. थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल ‘दुःख करू नका’ एवढंच म्हणून थांबत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखं करू नका, म्हणतो. मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण पुन्हा उठवणार आहोत हे प्रभू येशूला माहीत होतं. लाजराच्या बहिणीशी, मार्थेशी, तो पुनरुत्थानाबद्दल बोललाही. पण दुसरी बहीण मरीया पायाशी येऊन रडायला लागली, तेव्हा? ‘येशू रडला.’ दोनच शब्द. माझा सगळा विश्वास त्या दोन शब्दांवर उभा आहे असं मला कधी कधी वाटतं.

आईला सावरलं ते मंडळीतल्या एका म्हाताऱ्या मावशींनी. विलगीकरण संपल्यावर त्या मेथीची जुडी घेऊन आल्या. ओट्याजवळ पाट घेऊन बसल्या, पानं खुडत राहिल्या. अर्ध्या तासाने म्हणाल्या, ‘स्तोत्र वाचू का?’ वाचलं ते ८८ वं. इतर बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. आई पहिल्यांदा मोठ्याने रडली. ‘हे पण बायबलमध्ये आहे?’ तिने विचारलं. मावशी म्हणाल्या, ‘आहे की. देवानेच ठेवलंय.’

पंडिता रमाबाई मला आता वेगळ्या कळतात. १८७४ च्या दुष्काळात आई-वडील गेले, १८८० मध्ये भाऊ, आणि लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, १८८२ मध्ये, पती. पदरात तान्ही मनोरमा. बाप्तिस्मा त्यानंतर, १८८३ मध्ये. विश्वास ठेवला म्हणून पुढचं दुःख काही टळलं नाही. निराधार बायकांसाठी रमाबाईंनी केडगावला काढलेल्या मुक्ती मिशनच्या कामात उजवा हात झालेली तीच मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवत होत्या. लेक गेल्यावरही त्यांनी ते काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल केडगावच्या छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर आलं. आशा म्हटलं की मला त्या छापखान्यातल्या शाईने माखलेल्या बायका दिसतात.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या मरणाची आठवण करत आपण तीन तास बसतो. कुणी घाई करत नाही, रविवारी ईस्टर, पुनरुत्थानाचा सण, येणार हे माहीत असूनही. मग दुःखातल्या माणसाच्या घरी जाऊन पाचव्या मिनिटाला ईस्टर का करायला जातो आपण?

यंदा ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेनंतर आई पहिल्यांदा कब्रस्तानात आली. बाटलीतलं पाणी ओतून, पदराने घासून तिने त्याच्या कबरेची फरशी पुसली. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. मग हळूच, त्यालाच सांगितल्यासारखं म्हणाली, ‘प्रभू उठला आहे, बाळा.’ आणि रडत रडतच मेणबत्ती लावली.