ती पोस्टकार्डं सरकारनं छापली नव्हती

आठ मार्च जवळ आला की एक फॉरवर्ड हमखास येतो. यंदा मला तो तीन ग्रुपवर आला, एक तर आमच्या शाळेच्या ग्रुपवर. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची रंगीत पोस्टकार्डं: मांडीवर बाळ घेऊन दूध पाजणारा नवरा, तोंडाला कुलूप घातलेली बाई. खाली मजकूर, थोडक्यात असा: ‘बायकांना मताचा हक्क मिळू नये म्हणून इंग्लंडच्या सरकारनं ही कार्डं छापून वाटली. झाडून सगळे पुरुष विरोधात होते. बायकांकडे उत्तर द्यायला साधनच नव्हतं. तरीही 1918 साली सगळ्या बायकांना मत मिळालं. भारतात मात्र ते न मागता, न लढता मिळालं.’

चित्रं खरी आहेत, मजकूर जवळजवळ सगळा चुकीचा आहे. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो हे मला माहीत आहे. पण या मजकुरानं ज्या बायकांचं कौतुक करायचं त्यांचंच काम पुसलं जातं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी सरकारचा. बाळाला दूध पाजणाऱ्या पुरुषाचं चित्र इंग्लंडचं नाहीच. ते अमेरिकेतलं, 1909 सालचं, डन्स्टन-वायलर लिथोग्राफ कंपनीच्या बारा कार्डांच्या संचातलं. नीट बघा: त्याच्या डोक्यामागे एक ताटली अशी आली आहे की ती प्रभावळ वाटावी. येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीची जागा इथे बाप्यानं घेतली आहे. त्याच संचात बायको मतदानाला निघाली आहे आणि नवरा रडक्या पोरांना घेऊन घरी बसला आहे, असंही एक कार्ड आहे. हा खासगी कंपनीचा विकाऊ माल होता. त्या काळात पोस्टकार्डांचं वेडच होतं. ब्रिटनमध्ये 1902 पासून कार्डाच्या एकाच बाजूला पत्ता आणि मजकूर दोन्ही लिहायची मुभा मिळाली, दुसरी अख्खी बाजू चित्राला मोकळी झाली, आणि अर्ध्या पेनीच्या तिकिटात ते चित्र कुठेही जाऊ लागलं. लोक कार्डं जमवायचे, आल्बममध्ये लावायचे. यॉर्कशरमधल्या बॅमफर्थसारख्या कंपन्या समुद्रकिनारे, सासू, दारुडे यांच्यावर कार्डं काढत, तशीच मत मागणाऱ्या बायकांवरही. खपेल ते छापायचं, एवढाच हिशेब. अमेरिकेतल्या कारगिल कंपनीनं तर 1910 साली मताधिकाराच्या बाजूनं मोठा संच काढला.

म्हणजे तोंडाला कुलूप घातलेल्या बाईचं चित्र कोणी मंत्र्यानं घरोघरी पाठवलं नव्हतं. लोकांनी ते दुकानातून स्वतःच्या पैशानं घेतलं, मागे खुशाली लिहिली आणि मावशीला, मित्राला टाकलं. मला ही गोष्ट सरकारी प्रचारापेक्षा जास्त लागते. त्यात 1909 च्या सप्टेंबरपासून बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन तुरुंगात उपोषणाला बसलेल्या, मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांना धरून-दाबून, नळी घालून अन्न भरवायला सुरुवात झाली होती. बाईचं तोंड जबरदस्तीनं बंद करायचं चित्र दुकानात आणि जबरदस्तीनं उघडायचं काम तुरुंगात, दोन्ही एकाच काळात चालू होतं.

‘तेव्हा लोकांना बायकांच्या मतदानाची कल्पनाच करवत नव्हती’ असंही काही जण या चित्रांखाली लिहितात. न्यूझीलंडमध्ये बायका 1893 पासून मत देत होत्या. अमेरिकेतच वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, आयडाहो या चार राज्यांत डन्स्टन-वायलरचा संच छापला त्या वर्षी, म्हणजे 1909 मध्ये, बायकांना मत होतं. कोलोरॅडोत सोळा वर्षं झाली होती. तिथली पोरं उपाशी मेली नव्हती.

आता ‘बायकांकडे साधनच नव्हतं’ हे. हे वाक्य वाचलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण पोस्टकार्ड हेच त्यांचं साधन होतं. लंडनमध्ये 1907 साली आर्टिस्ट्स सफ्रेज लीग ही मताधिकारासाठी चित्रं काढणाऱ्या कलाकारांची संघटना निघाली, काचचित्रं करणारी मेरी लाउन्ड्स तिच्या पुढाऱ्यांत होती. 1909 मध्ये सफ्रेज आटेलिए निघालं (आटेलिए म्हणजे कलाकारांची कामाची जागा). तिथल्या बायका लाकडी ठसे कोरून स्वतःच्या हातानं छापायच्या, म्हणजे आज घडलेल्या गोष्टीवर लगेच कार्ड काढता यायचं. मताधिकाराच्या चळवळीतल्या नावाजलेल्या पँकहर्स्ट मायलेकींच्या संघटनेनं पुढाऱ्यांचे फोटो कार्डांवर छापून विकले आणि चळवळीला पैसा उभा केला. लंडनच्या चेअरिंग क्रॉस रोडवर त्यांचं दुकानच होतं. शिवाय कार्ड हे उघडं पत्र. पोस्टमननं वाचावं, मोलकरणीनं वाचावं, शेजारणीनं उचलून बघावं. बंद पाकिटातून हे काम झालंच नसतं.

आटेलिएचं एक कार्ड तुम्ही शोधून बघाच. दोन ओळी आहेत. वरच्या ओळीत बाई काय काय असू शकते आणि तरी तिला मत नाही: नगराध्यक्षा, परिचारिका, आई, डॉक्टर किंवा शिक्षिका, कारखान्यातली कामगार. खालच्या ओळीत पुरुष काय काय असला तरी त्याचं मत जात नाही: तुरुंगात जाऊन आलेला, वेडा, बायकांचा बाजार मांडणारा, सैन्यानं नाकारलेला, दारुडा. दहा छोट्या चौकटी, काळ्या जाड रेषा. रस्त्यानं जाणाऱ्याला कळेल इतकं साधं. (वेड्यांना आणि कैद्यांना असं मोजायला धरणं आज खटकतं, मलाही खटकतं. पण युक्तिवाद नेमका होता.) फॉरवर्डमध्ये हे कार्ड कधीच नसतं.

‘सगळे पुरुष विरोधात’ हेही नाही. सफ्रेज आटेलिए उभं करणाऱ्यांत क्लेमेन्स हाउसमनबरोबर तिचा भाऊ लॉरेन्स होता. उलट 1908 साली मताधिकाराच्या विरोधात जी महिलांची संघटना निघाली, तिचा चेहरा होती मेरी वॉर्ड ही नावाजलेली कादंबरीकार. पुढे पुरुषांची संघटना तिच्यात मिसळली आणि 1912 मध्ये अध्यक्ष झाले लॉर्ड कर्झन. होय, बंगालची फाळणी करणारे तेच.

1918 चा मुद्दा छोटा आहे. ब्रिटनच्या त्या वर्षीच्या कायद्यानं तीस वर्षांवरच्या, आणि त्यातही मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या किंवा तसा नवरा असलेल्या बायकांनाच प्रामुख्यानं मत मिळालं. कारखान्यातल्या बावीस वर्षांच्या मुलीला नाही. पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळायला 1928 उजाडलं.

राहिलं ‘भारतात न मागता मिळालं’. 1911 साली मुंबईच्या हेराबाई टाटा आपली मुलगी मिठन हिला घेऊन काश्मीरला गेल्या होत्या. तिथे त्यांना पंजाबचे शेवटचे शीख महाराजा दुलीपसिंग यांची मुलगी, इंग्लंडच्या मताधिकार चळवळीतली सोफिया भेटली. तिच्या कपड्यावर ‘बायकांना मत’ असं लिहिलेला बिल्ला होता. हे काय म्हणून हेराबाईंनी विचारलं, आणि तिथून त्या या कामाला लागल्या. 1917 मध्ये सरोजिनी नायडूंबरोबर महिलांचं शिष्टमंडळ मद्रासला ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं. त्यानंतर भारतात मत कोणाला द्यायचं हे ठरवायला आलेल्या साउथबरो समितीनं बायकांना नकार दिला. तेव्हा 1919 साली हेराबाई आणि एकवीस वर्षांची मिठन बोटीनं लंडनला गेल्या, पार्लमेंटच्या समितीपुढे बाजू मांडली, सभा घेतल्या. पार्लमेंटनं निर्णय इथल्या प्रांतांवर सोपवला. म्हणजे मग प्रत्येक प्रांतात वेगळी लढाई. मद्रासनं 1921 मध्ये ठराव केला, त्याच वर्षी मुंबईनं. तेव्हाही मत मिळालं ते अटीत बसणाऱ्या थोड्या बायकांनाच, आणि उरलेल्यांसाठीचं मागणं पुढची तीस वर्षं चालू राहिलं.