पंधरा किलोंत समुद्र

ज्या स्कूबा डायव्हिंगच्या, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून समुद्रात उतरण्याच्या, छंदात माणसाने नीट बुडावे एवढीच अपेक्षा असते, त्याचे सामान हलके असावे असा आग्रह धरणे मुळातच विसंगत आहे. तारकर्लीला गाडीने जात होतो तोवर ही विसंगती मला जाणवली नव्हती, कारण डिकीत काय कोंबले याचा हिशेब डिकी मागत नाही. यंदा मात्र अंदमानात स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, जायचे ठरले आणि मोठ्या बॅगेत १५ किलो व हातातल्या बॅगेत ७ किलो ही विमानाची मर्यादा आमच्या दिवाणखान्यात येऊन बसली.

"अहो, तिथे सगळं भाड्याने मिळतं ना?" हा सौभाग्यवतींचा प्रश्न रास्त होता. पण भाड्याच्या मास्कमध्ये माझ्या मिशीच्या वाटेने पाणी शिरते आणि सिलिंडरातली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या भाड्याच्या रेग्युलेटरचा रबरी तुकडा दातांत धरताना, तो आपल्याआधी किती जणांनी चावला असेल, हा विचार दहा मीटर खोलीवरही माझी पाठ सोडत नाही. सिलिंडर आणि शिशाची वजने तिथेच घ्यायची, बाकी सारे स्वतःचे, असे मी जाहीर केले आणि बॅग ताणकाट्याला अडकवली. काटा १९.३ किलोंवर थांबला. त्यात कपडे अजून गेलेलेच नव्हते.

मग ग्रॅमांची लढाई सुरू झाली. बूट घालून वापरायच्या लांबलचक फिन्स, म्हणजे पोहताना पायात चढवायचे पंख, काढून अनवाणी पायात चढणाऱ्या आखूड फिन्स घेतल्या. अंगावर घालायचे, हवा भरून तरंगवणारे ते जाकीट, ज्याला बीसीडी म्हणतात, माझ्याकडे चार किलोंचे होते. त्याऐवजी प्रवासासाठी बनवलेले, पाठीला कडक फळी नसलेले आणि गोधडीसारखे गुंडाळता येणारे जेमतेम अडीच किलोंचे जाकीट आणले. या दीड किलोसाठी मोजलेल्या रकमेत त्या सहलीपुरते जादा सामानाचे भाडे सहज भागले असते, हे गणित मी घरात मांडले नाही. रेग्युलेटरही 'डिन' पद्धतीचा, म्हणजे सिलिंडरच्या तोंडात आट्यांनी फिरवून बसवायचा, हलका निवडला. तिथले सिलिंडर मात्र 'योक' पद्धतीचे, म्हणजे रेग्युलेटर वरून पकडीने आवळून बसवायचे, असल्याचे नंतर समजले, त्यामुळे एक पितळी ॲडाप्टर घ्यावा लागला आणि वाचवलेले वजन त्याने इमानेइतबारे परत केले. अंदमानचे पाणी २७ ते ३० अंशांच्या आसपास असते, म्हणून पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख, म्हणजे वेटसूट, त्यातला जाड घरी ठेवून तीन मिलिमीटरचा घेतला. टॉर्चची लिथियमची बॅटरी हातातल्या बॅगेत, चाकू मोठ्या बॅगेत, अशी वाटणी करताना वाटणीपत्रासारखे वाद झाले. इतके करून काटा १४.८ वर आला, तेव्हा उरलेल्या २०० ग्रॅमांवर चिवड्याच्या पुडीने हक्क सांगितला.

पहिल्या दिवशी बोटीवर मी ते हलकेफुलके सामान अंगावर चढवून, कोणी तरी त्याचे कौतुक करील म्हणून जरा रेंगाळलो. प्रशिक्षकाने ते पाहिले, मग माझ्या पोटाकडे पाहिले, आणि शिशाचे तुकडे एकामागून एक पट्ट्यात ओवू लागला. वेटसूटच्या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात, ते वर ओढतात; शरीरातली चरबीही तरंगते; अॅल्युमिनियमचा सिलिंडर हवा संपत आली की वर उचलू लागतो; आणि सामानच हलके, म्हणजे खाली नेणारे काहीच नाही, असे त्याने फार सौम्यपणे समजावले. तोवर पट्ट्यात ७ किलो शिसे गेले होते. घरी महिनाभर घाम गाळून जे साडेचार किलो मी कमी केले होते, ते व्याजासकट माझ्या कमरेला बांधून त्याने मला समुद्रात ढकलले. खाली गेल्यावर मात्र कशाचेच वजन नव्हते, पोटाचेसुद्धा. एक कासव शेजारून गेले. त्याच्या पाठीवरची फळी चांगलीच कडक होती आणि त्याला तिचे काही वाटत नव्हते.

विमानात बसण्यापूर्वी शेवटच्या बुडीनंतर निदान १८ तास जाऊ द्यायचे असतात, तेवढ्या वेळात सामान वाळेल असे मला वाटले होते. आभाळ भरून आले आणि ते वाळले नाही. परतीच्या विमानतळावर, चिवडा संपलेला असूनही, बॅग १७ किलो भरली. काउंटरवरच्या मुलीने आत काय आहे म्हणून विचारले, तेव्हा मी खरे तेच सांगितले, की बहुतांशी पाणीच आहे. आणि तिने दोन किलो समुद्राची पावती फाडून हातात दिली.