कपिलाषष्ठी आणि साठ वर्षं: एक खुलासा

‘कपिलाषष्ठीचा योग दर साठ वर्षांनी येतो, म्हणून तिला षष्ठी म्हणतात’ असा मजकूर फिरतो आहे. ही व्युत्पत्ती चुकीची आहे. षष्ठी म्हणजे सहावी तिथी. साठ या अर्थाचा शब्द ‘षष्टि’, षष्ट्यब्दीतला; ठ आणि ट यांची गल्लत झाली आहे. भाद्रपद वद्य षष्ठीलाच मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतीपात योग आणि हस्त नक्षत्रात सूर्य, एवढं सगळं जुळावं लागतं. एक जरी हुकलं तरी योग हुकला, म्हणून तो दुर्मीळ.

दुर्मीळ, अशक्य नव्हे! परगावी पांगलेली सगळी भावंडं एकाच दिवाळीला घरी आली, तर खुशाल म्हणावं, ‘कपिलाषष्ठीचा योग जुळून आला.’ जे घडणंच शक्य नाही, त्यासाठी सशाचं शिंग किंवा आकाशपुष्प म्हणावं.