स्पष्टवक्ते, जरा सबुरीनं

लॅक्स्टन हे इंग्लंडमधलं नॉटिंगहॅमशायरचं गाव. तिथे अजून बिनकुंपणाच्या खुल्या शेतांत पट्टे पाडून शेती होते आणि शेतकऱ्यांचीच ज्युरी हद्दी तपासते. त्यावरच्या माझ्या लेखाखाली 'स्पष्टवक्ता' या नावानं प्रतिक्रिया आली आहे. "जमीन इस्टेटीची, शेतकरी नुसते भाडेकरू, ज्युरी म्हणजे पर्यटकांसाठीचा तमाशा. परदेशात बसून गोऱ्यांचे गोडवे गायला काय जातंय?" शिवाय एन्क्लोजरमध्ये, म्हणजे इंग्लंडात खुल्या आणि सामायिक जमिनी कुंपणं घालून खाजगी केल्या गेल्या तेव्हा, देशोधडीला लागलेल्या गरिबांबद्दल मी मूग गिळून बसलो, हाही ठपका.

मतभेद असावेत, जरूर असावेत. पण ओळख ना पाळख, थेट 'गोडवे'? ही कुठली रीत?

शीर्षकातलं 'गावाचं राज्य' जरा चढवलेलं होतं, मान्य. पण मालकी मी लपवली कुठे? १९५२ मध्ये तिथले जमीनदार अर्ल मॅन्व्हर्स यांच्याकडून कृषी मंत्रालयानं जमीन घेतली, १९८१ मध्ये ती राजसत्तेच्या जमिनी सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेली, २०२० मध्ये खाजगी थोरस्बी इस्टेटकडे. लेखात हे सगळं होतं. शेवटपर्यंत वाचलं असतं तर दिसलं असतं.

आता 'तमाशा'. नॉटिंगहॅमला राहत असताना मी ज्युरीचा दिवस पाहिलाय. हिवाळ्याच्या तोंडाशी ज्युरीतले शेतकरी ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीतून त्या वर्षीच्या गव्हाच्या शेतावर जातात. पट्ट्यांमध्ये कुंपण नाही, बांध नाही. हद्दीला लाकडी खुंट्या. एकजण गुडघाभर चिखलात खुंटी धरून उभा, दुसरा एक डोळा मिटून लांबच्या खुंटीशी रेघ जुळवतोय, तिसरा "अजून डावीकडे" म्हणून ओरडतोय. कुणी रस्त्यात किंवा सामायिक गवताच्या पट्टीत नांगर घातला असेल तर त्याचं नाव लिहून घेतात. आठवड्याभरानं गावातल्या डव्हकोट इन या पबमध्ये कोर्ट लीट, म्हणजे गावाचं जुनं कोर्ट, बसतं आणि दंड कायम करतं. दंड किरकोळ, पण शेजाऱ्यांसमोर नाव वाचलं जातं! आज ज्युरीत बसलेल्याचंही उद्या निघू शकतं. १९७७ च्या कायद्यानं असल्या जुन्या कोर्टांचे न्यायाचे अधिकार काढले, तरी खुल्या शेतांचा आणि सामायिक जमिनीचा कारभार लॅक्स्टनच्या कोर्टाकडेच राहिला. हे पर्यटकांसाठी?

आणि 'नुसते भाडेकरू' म्हणजे काय हो? माझे आजोबा कूळ होते. कुळांना जमिनीचे मालक करणारा १९५७ चा कृषिदिन उजाडेपर्यंत सातबारा दुसऱ्याच्या नावावर. पण शेजाऱ्यानं बांध कोरला तेव्हा कोयता घेऊन उभे राहिले ते आजोबा, मालक नव्हे. कुळाचा शब्द मालकापुढे चालत नसेल, शिवारात चालतो. लॅक्स्टनमध्ये तो शतकानुशतकं चाललाय, एवढंच मी म्हटलं होतं. मला कुळं काय असतात ते शिकवू नका.

एन्क्लोजरचा विषय मोठा आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. आणि 'परदेशात बसून' म्हणाल, तर मी परत येऊनही बरीच वर्षं झाली.

यापुढे मुद्दा असेल तर जरूर लिहा, उत्तर देईन. 'गोडवे' पुन्हा दिसले तर प्रतिक्रिया मंजूर होणार नाही.