आठ खुर्च्यांचं हॉटेल

दिवाळीत पुण्याला गेले होते तेव्हा जेवणं झाल्यावर नेहमीचा विषय निघाला. अमुक खानावळ बंद पडली, तमुक हॉटेलच्या जागी आता मोबाईलचं दुकान आलंय, लहानपणी आपण जिथे थालीपीठ खायचो तिथे बँकेचं एटीएम आहे वगैरे. काका म्हणाले मराठी माणसाला धंदा जमतच नाही, त्याला दुपारची झोप लागते. भाऊ म्हणाला तसं नाही, हल्लीच्या पोरांना पिझ्झाच लागतो. वहिनीचं म्हणणं की अ‍ॅपवाल्यांनी कमिशन कापून कापून छोट्या हॉटेलवाल्यांची वाट लावली. दीड तास वाद चालला आणि मी जवळजवळ गप्पच होते, कारण तिघांचंही थोडंथोडं पटत होतं तरी काहीतरी सुटतंय असं वाटत होतं आणि ते नेमकं काय हे बोलता येत नव्हतं. टोकियोला परत आल्यावर आमच्या स्टेशनजवळच्या एका आठ खुर्च्यांच्या हॉटेलात जेवायला बसले तेव्हा ते सापडलं, म्हणून लिहितेय.

मी इथे अकरा वर्षं आहे. सुरुवातीची तीन वर्षं निशी-कासाईला काढली, तिथे आपली आयटीवाली बरीच माणसं राहतात, डाळ-तांदूळ-मसाले सगळं मिळतं, त्यामुळे बाहेर खायची गरजही पडली नाही आणि हिंमतही झाली नाही. नंतर ऑफिस बदललं म्हणून शहराच्या पश्चिमेला आसागायाला आले. चुओ लाईनवरचं स्टेशन, एका बाजूला छप्पर घातलेली लांबलचक बाजारपेठ, दुसऱ्या बाजूला रुळांच्या कडेने गल्ल्या आणि त्यात एकाला एक चिकटून छोटी छोटी खाण्यापिण्याची ठिकाणं. कित्येक ठिकाणी आत माणसं बसलीत का हेसुद्धा बाहेरून कळत नाही, सरकता लाकडी दरवाजा आणि त्यावर लोंबणारा कापडाचा पडदा, ज्याला नोरेन म्हणतात. पडदा बाहेर असेल तर दुकान चालू, आत घेतलेला असेल तर बंद, एवढीच खूण.

माझ्या घराकडे वळायच्या कोपऱ्यावर असंच एक होतं आणि मी दोन वर्षं त्याच्यासमोरून रोज गेले पण आत गेले नाही. एकटी बाई, भाषा अर्धवट, आत कोण असेल, काय मिळत असेल, उठून यावं लागलं तर काय. एका पावसाळी रात्री घरी काहीच नव्हतं आणि मासा भाजल्याचा वास आला म्हणून दार सरकवलं. एक लाकडी कट्टा, आठ खुर्च्या, आत सत्तरीच्या आसपासचे आजोबा-आजी. आजोबा भाजतात-तळतात, आजी भात वाढते, भांडी घासते आणि हिशेब करते. भात, मिसो सूप, लोणचं, एक भाजीची वाटी आणि त्या दिवशीचा मासा, हे सगळं एका ट्रेमध्ये. आपली राइस प्लेटच म्हणा ना. पैसे हजार येनच्या आत. कोणी वळून पाहिलं नाही, कोणी "किती जण?" असं विचारून मागे दुसरं कोणी येतंय का ते बघितलं नाही. पुण्यात मी रात्री एकटी हॉटेलात जेवायला बसले तर आजही वेटर दोनदा विचारतो. इथे बहुतेक सगळेच एकटे आलेले असतात, कट्ट्याच्या खुर्चीला एकटेपणा चिकटत नाही.

दुकान खाली, आजी-आजोबांचं घर वर. मला वाटायचं ही जुनी पद्धत आहे, कशीबशी टिकलीय. मग कळलं की कायद्यात तशी सोय करून ठेवलीय. इथल्या सगळ्यात कडक निवासी झोनमध्येसुद्धा, जिथे फक्त बुटकी घरं बांधता येतात, घराला लागून छोटं दुकान किंवा खाण्याचं ठिकाण चालतं. अट एवढीच की ते ५० चौरस मीटरच्या आत हवं, म्हणजे साधारण ५४० चौरस फूट, आणि घराच्या निम्म्यापेक्षा कमी जागेत. भागातल्या आरोग्य केंद्राचा परवाना लागतो, ते येऊन सिंक आणि हात धुवायची जागा तपासतात, आणि दुकानात एकाने स्वच्छतेचं प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं जे एका दिवसाचं असतं. एवढ्यावर माणूस स्वतःच्या घराखाली आठ खुर्च्या मांडू शकतो.

आता आपल्याकडे बघा. माझी कोथरूडची एक मैत्रीण नऊ वर्षं पोळीभाजी केंद्र चालवते, बिल्डिंगच्या तळमजल्यावर, पुढच्या खोलीत. सकाळी साडेदहाला रांग लागते, तिच्या मटकीच्या उसळीसाठी लोक डबा घेऊन येतात. तिने ठरवलं की पुढच्या खोलीत सहा खुर्च्या टाकू, एकटी राहणारी म्हातारी माणसं, क्लासची मुलं गरम गरम खातील. सोसायटीने नाही म्हटलं. सोसायटीचं अगदीच चुकलं असं मी म्हणत नाही, फोडणीचा धूर वरच्यांच्या खोल्यांत जातो, गेटसमोर स्कूटर लागतात, भांडणं होतात. आसागायाला तो प्रश्न फारसा येत नाही कारण येणारा प्रत्येक जण चालत नाहीतर सायकलवर येतो. मग तिने दुकानाचा गाळा बघितला, तर मालक म्हणे तीन वर्षांचं लीव्ह अँड लायसन्स, दर वर्षी भाडेवाढ, पुढचं पुढे बघू. तीन वर्षांनी तिने गिऱ्हाईक बांधलं की तो भाडं दुप्पट मागणार किंवा मोबाईलवाल्याला देणार, हे तिला दिसत होतं. तिने नाद सोडला.

मला वाटतं काकांच्या वादातलं सुटलेलं टोक हेच. आपण हॉटेलवाल्याच्या जातीबद्दल, झोपेबद्दल, मुलांच्या आवडीबद्दल बोलतो, पण जागा त्याच्याकडे किती वर्षं राहणार याबद्दल कोणी बोलत नाही. लीव्ह अँड लायसन्समध्ये राहण्याचा हक्क मिळत नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते. जपानमध्ये नेहमीच्या भाडेकराराला कायद्याचं संरक्षण आहे, सबळ कारण दाखवल्याशिवाय मालक करार पुढे चालू ठेवायला नकार देऊ शकत नाही. मुदतबंद करार इथेही निघालेत, २००० पासून, आणि मोठ्या मॉलमध्ये तेच असतात. पण गल्लीतलं हॉटेल तीस-चाळीस वर्षं एका जागी दिसतं त्यामागे एकतर स्वतःचं घर असतं नाहीतर असा जुना करार. आणि मुंबईत गिरगाव-दादरला जी जुनी मराठी हॉटेलं आपण कौतुकाने दाखवतो त्यातलीही कितीतरी पागडीच्या जागेत टिकली होती, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की हॉटेल गेलं. चव तीच होती, माणूस तोच होता.

आणि मराठी माणसाला धंदा जमत नाही हे तर मला मुळीच मान्य नाही, विशेषतः खाण्याच्या बाबतीत. गिरणगावातल्या खानावळी कोणी चालवल्या? दहा बाय बाराच्या खोलीत स्टोव्हवर पंधरा-वीस गिरणी कामगारांचं दोन वेळचं जेवण करणाऱ्या बाया होत्या त्या, माझ्या आईची मावशी त्यातलीच. पगार झाला की पैसे यायचे, तोवर वाण्याकडे उधारी. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. १९८२ चा संप झाला, अडीच लाख कामगारांचं काम थांबलं, गिरण्या परत नीट उभ्या राहिल्या नाहीत, आणि जेवणारा माणूसच गावी गेल्यावर खानावळ कशी चालणार? मावशीआजी सांगायची की शेवटच्या महिन्यात तिने सहा जणांचे पैसे सोडून दिले, मागायचे कोणाकडे. हे धंदा न जमणं आहे का?

आगीचा मुद्दा भाऊ काढेल म्हणून आधीच लिहिते. २९ डिसेंबर २०१७ ला लोअर परळच्या कमला मिल्समध्ये रूफटॉप पबना आग लागून १४ जण गेले, त्यानंतर हॉटेलांवर कडक तपासण्या झाल्या आणि व्हायलाच हव्या होत्या. जपानमध्ये त्याच्या वर्षभर आधी, डिसेंबर २०१६ मध्ये, इतोइगावा नावाच्या गावात एका छोट्या चायनीज हॉटेलात गॅसवर भांडं राहिलं आणि वाऱ्याने आग पसरून जवळजवळ दीडशे इमारती जळाल्या. इथे तर दोष चक्क छोट्या हॉटेलाचाच होता. पण म्हणून छोटी हॉटेलं बंद करा असं कोणी म्हटलं नाही. तोवर १५० चौरस मीटरपेक्षा लहान ठिकाणांना अग्निशामक सिलेंडर सक्तीचा नव्हता, तो ऑक्टोबर २०१९ पासून आकार कितीही लहान असला तरी सक्तीचा केला. आमच्या आजोबांच्या कट्ट्याखालीही लाल सिलेंडर आहे, आजी रोज त्यावरची धूळ पुसते. छोट्याला झेपेल असा नियम करायचा आणि मग तो पाळायलाच लावायचा, मला हे खूप पटतं.

दुपारच्या झोपेचंही सांगते. इथे गल्लीतली बहुतेक हॉटेलं साडेअकरा ते दोन चालू, मग दारावर "तयारी चालू आहे" अशी पाटी, परत साडेपाच-सहाला उघडणार, आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी ठरलेली. लोक त्याप्रमाणे येतात, कोणी नावं ठेवत नाही. पुण्यात १ ते ४ बंद म्हटलं की पिढ्यान्‌पिढ्या चेष्टा चालू आहे. अरे पण दोन माणसं पहाटे बाजार करून, सगळं स्वतः शिजवून, स्वतः वाढून, स्वतः घासून सलग बारा तास कशी उभी राहतील? ज्याच्याकडे तीन शिफ्टची माणसं आहेत तोच दिवसभर उघडा राहू शकतो, म्हणजे दिवसभर उघडं पाहिजे हा आपला हट्टसुद्धा छोट्याच्या विरोधातच जातो.

रेटिंगचंही तसंच. इथे ताबेलोगु नावाची साइट आहे, २००५ पासूनची, सगळे बघतात, पण तिथे ३.५ च्या वर गेलं म्हणजे खूप चांगलं आणि ३.१-३.२ म्हणजे नीट, रोज जेवावं असं ठिकाण. आमच्या आजोबांचं ३.०८ आहे. आपल्या अ‍ॅपवर ३.०८ दिसलं असतं तर मी पुढे स्क्रोल केलं असतं. पुण्यात मला कुठलंही नवीन ठिकाण पायाने सापडत नाही आता, सगळं फोन सांगतो, सगळे त्याच चार ठिकाणी रविवारी सकाळी तासभर रांगेत उभे असतात आणि शेजारच्या गल्लीतली बाई भाकरी-पिठलं घेऊन बसलेली असते. वहिनीचा कमिशनचा मुद्दा खरा आहे, पण अ‍ॅपचं त्याहून मोठं नुकसान मला हे वाटतं की शेजारी काय आहे ते बघायची सवयच गेली.

जपानचं सगळं गोड आहे असं समजू नका. मी मासे खाते म्हणून निभावलं, पूर्ण शाकाहारी माणसाला गल्लीतल्या हॉटेलात फार कठीण आहे कारण साध्या सूपमध्येही सुक्या माशाचा अर्क असतो. आजी-आजोबांच्या मुलाला हे चालवायचं नाही, ते थकले की दुकान संपलं, आणि असं या गल्लीत माझ्यासमोर पाच ठिकाणी झालं. आणि जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली ती म्हणजे ऑक्टोबर २०२५ मध्ये इथे परदेशी माणसाला स्वतःचा धंदा चालवायच्या व्हिसासाठी लागणारं भांडवल ५० लाख येनवरून एकदम ३ कोटी येन केलं, वर एक पूर्णवेळ नोकर ठेवायची अट. कागदावरच्या कंपन्या काढून व्हिसा घेणाऱ्यांना आळा घालायचा म्हणे. ते ठीक, पण स्टेशनच्या पलीकडे एक नेपाळी जोडपं भलामोठा नान आणि करी विकतं, बारा खुर्च्या, शेजारच्या शाळेतली मुलं तिथे वाढदिवस करतात. आता असं कोणी नव्याने सुरू करायचं म्हटलं तर ३ कोटी कुठून आणणार? स्वतःच्या माणसाला ५४० चौरस फुटांत उभं राहू देणारा देश बाहेरच्याला मात्र मोठा होऊन ये म्हणतोय, आणि हे मला चूक वाटतं, इथे राहून, इथलं खाऊन वाटतं.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले ठीक आहे, पण तू तिकडे बसून बोलणार, इकडे करणार कोण. बरोबर आहे त्यांचं.

रविवारी मैत्रिणीला फोन केला. कर्वे रोडच्या मागच्या बाजूला एक लहान गाळा आहे, मालक म्हातारे आहेत, त्यांना रोजचं जेवण घरपोच हवंय आणि त्या बदल्यात ते पाच वर्षांचा रजिस्टर करार करायला तयार आहेत, पण डिपॉझिट दहा महिन्यांचं मागतात आणि तिच्याकडे अर्धंच आहे. खुर्च्या किती बसतील विचारलं तर म्हणाली आठ, दाटीवाटीने नऊ. उरलेलं मी देते म्हटलं. ती म्हणाली आधी येऊन जागा तर बघ. फेब्रुवारीचं तिकीट काढलंय.